ज्याची बॅट, त्याचे नियम?

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि आज निमोण्यात येऊन खेळाच्या नियमांवर बोलणार आहोत. पण लहानपणी गल्लीत जो पहिला तात्त्विक वाद झाला, तो याच विषयावर होता. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, इथपर्यंत सगळ्यांना मान्य. तो बाद झाला की मात्र म्हणायचा, "हा आउट नाही, बॅट माझी आहे." मग भांडण. बॅट त्याची हे खरंच होतं. पण नियम कुणाचा?

आज ज्या खेळाचं उदाहरण घ्यायचं आहे, तो पुण्या-मुंबईतली तरुण मुलं खेळतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', 1974 साली अमेरिकेत आलेला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. आपल्या भारुडासारखी सोंगं म्हणा हवं तर, फक्त शेवट कुणालाच ठाऊक नसतो. तलवारीचा घाव बसला की हुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो.

आता धंद्याची गोष्ट बघा. 1997 साली हा खेळ 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने घेतला. 2000 साली नवी आवृत्ती काढताना त्यांनी एक परवाना जाहीर केला: आमचे मूळ नियम कुणीही वापरा, त्यावर आपली पुस्तकं छापा, विका, आम्हाला पैसे नकोत. हा दानधर्म नव्हता. रायन डॅन्सी यांनी यामागचा हिशोब उघडच मांडला होता. साहसकथांच्या छोट्या पुस्तकांत नफा कमी, ती इतरांनी काढावीत. खेळणाऱ्याला मूळ पुस्तक मात्र आमचंच घ्यावं लागेल. जितके लोक एकच नियम शिकतील, तितकी त्या नियमांची किंमत वाढेल.

हिशोब बरोबर ठरला. पण त्यातला खरा मुद्दा कंपनीला 2008 साली कळला. चौथ्या आवृत्तीला त्यांनी जास्त जाचक परवाना लावला. तेव्हा 'पायझो' नावाच्या प्रकाशकाने जुने खुले नियम घेतले आणि 2009 साली 'पाथफाइंडर' हा स्वतःचा खेळ उभा केला. अनेक खेळाडू तिकडे गेले. जानेवारी 2023 मध्ये नव्या परवान्याचा मसुदा बाहेर फुटला. त्यात साडेसात लाख डॉलरच्या वर उत्पन्न असलेल्यांकडून रॉयल्टी मागितली होती आणि जुना परवाना रद्द करण्याची भाषा होती. इतका गदारोळ झाला, की महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली कायमचे मोकळे केले.

आमचं म्हणणं असं, की कंपनीची चूक हिशोबाची नव्हती, विचाराची होती. वीस वर्षं लोकांनी ज्या शब्दावर दुकानं थाटली, तो शब्द म्हणजे वचन. तिने त्याला मालमत्ता समजलं. मालमत्ता परत मागता येते. वचन नुसतं मोडता येतं.

कायदाही इथे फार वेगळं सांगत नाही. 'स्क्रॅबल'सारखाच खेळ कोलकात्याच्या दोन भावांनी इंटरनेटवर आणला, तेव्हा 2008 साली दिल्ली उच्च न्यायालयाने खेळाच्या नावाला संरक्षण दिलं. पट आणि नियमांवर कॉपीराइट मात्र मान्य केला नाही. म्हणजे बॅटवरचं लेबल तुमचं, आउट कशाला म्हणायचं हे तुमचं नाही.

पण मंडळी, खुल्या नियमांची नुसती आरती ओवाळणंही बरं नाही. 2000 नंतर त्या एकाच साच्यात पुस्तकांचा पूर आला, त्यात सुमार पुष्कळ होती. समान नियम सगळ्यांना एकत्र आणतात, तसेच वेगळेपण पुसतात. आपल्याकडे हेच झालं. 1914 साली पुण्यात डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधले, म्हणून शिरूरचा संघ दौंडच्या संघाशी भांडणाशिवाय खेळू शकतो. त्या बदल्यात गावोगावच्या किती तऱ्हा गेल्या, त्याची नोंद कुणी ठेवली नाही.

आणि 2022 साली पुण्यातच 'अल्टिमेट खो खो' ही व्यावसायिक लीग सुरू झाली. तिने 'वजीर' आणला, कुठल्याही दिशेला पळू शकणारा. दूरचित्रवाणीसाठी छान आहे. पण मैदानावर घाम गाळणाऱ्यांना त्याबद्दल कुणी विचारलं का? हा प्रश्न 'पाथफाइंडर'वाल्यांनी विचारलेल्या प्रश्नाचाच भाऊ आहे.

मग नियम सामायिक आहे हे ओळखायचं कसं? वापरायची परवानगी मिळाली एवढ्याने नाही. परवानगी देणारा ती काढूही शकतो. न पटलं तर तोच नियम बरोबर घेऊन बाहेर पडता आलं पाहिजे, पलीकडे नवा डाव मांडता आला पाहिजे. ही वाट मोकळी असली, की मालकही शहाण्यासारखा वागतो. 2023 साली कंपनी वागली ती त्यामुळेच.

आमच्या गल्लीत काय झालं, ते सांगायचं राहिलं. तो मुलगा बॅट घेऊन घरी गेला. आम्ही धोपटणं आणलं आणि खेळ सुरू ठेवला. आउटचा नियम तोच होता. दुसऱ्या दिवशी तो बॅट घेऊन परत आला, आणि बाद झाल्यावर मुकाट्याने बाजूला झाला.

थांबतो. आता तुम्ही विचारा.