अल्प किमतीच्या स्वतंत्र व्हिडिओ गेमची समीक्षा : ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’च्या संदर्भात काही निकष

प्रस्तावना

कादंबरी, नाटक आणि चित्रपट यांच्या समीक्षेची मराठीत दीर्घ परंपरा आहे. व्हिडिओ गेम या तुलनेने नव्या कलाप्रकाराकडे मात्र मराठी अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. त्याची चर्चा होते ती बहुधा मुलांच्या व्यसनाच्या संदर्भात किंवा एखाद्या नव्या यंत्राच्या निमित्ताने. त्यामुळे गेमचे कलामूल्य कसे ठरवावे, हा प्रश्न बाजूलाच राहतो. स्वतंत्र गेमच्या बाबतीत तो अधिकच बिकट होतो. मोठ्या कंपन्यांच्या भांडवलाविना, थोड्या माणसांच्या चमूने तयार केलेल्या आणि तुलनेने कमी किमतीत विकल्या जाणाऱ्या गेमला ‘स्वतंत्र’ म्हटले जाते. अशा कृतीचे मूल्यमापन करताना समीक्षक दोन टोकांना जातो. एक तर तो तिची तुलना शेकडो लोकांनी निर्मिलेल्या अवाढव्य गेमशी करतो, नाही तर ‘इतक्या पैशांत एवढे पुष्कळ झाले’ असे म्हणून तिला सूट देतो. या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. पुणे येथे निर्माण झालेल्या ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या गेमच्या आधारे हे तपासून पाहता येते.

निर्मितीची पार्श्वभूमी

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या लहान संस्थेने ‘राजी’ची निर्मिती केली. २०१७ मध्ये त्यासाठी किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकवर्गणीची मोहीम राबविण्यात आली. परंतु ती उद्दिष्टापर्यंत पोहोचली नाही. तरीही काम थांबले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये हा गेम प्रथम निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन व संगणक यांवर प्रसिद्ध झाला. त्याची किंमत सुमारे २५ डॉलर होती. त्या काळी मोठ्या कंपन्यांचे नवे गेम साधारणपणे ६० डॉलरना विकले जात. ‘द गेम अवॉर्ड्स’ या आंतरराष्ट्रीय पुरस्कारांमध्ये २०२० च्या उत्कृष्ट पदार्पण विभागात त्याला नामांकन मिळाले.

येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. ज्या कन्सोलवर हा गेम आधी आला, त्याची निन्टेन्डोकडून भारतात त्या वेळी अधिकृत विक्री होत नव्हती. म्हणजे पुण्यात घडलेली ही कृती प्रथम परदेशी खेळाडूंच्या हाती गेली आणि तिच्याविषयीचे पहिले अभिप्रायही बव्हंशी तिकडूनच आले.

आशय व रूप

राजी ही सर्कशीत कसरती करणारी अनाथ मुलगी. रक्षाबंधनाच्या दिवशी असुरांचे आक्रमण होते आणि तिचा धाकटा भाऊ गोलू पळविला जातो. त्याच्या शोधार्थ निघालेल्या राजीला दुर्गेचे त्रिशूळ प्राप्त होते. पुढे धनुष्य आणि ढाल-तलवार तिच्या हाती येतात. अखेरीस तिची गाठ महाबलासुराशी पडते. दुर्गा आणि विष्णू हे या कथेचे निवेदक आहेत.

या गेमचे खरे बळ त्याच्या दृश्यरचनेत आहे. मध्ययुगीन राजस्थानी वास्तुशैली आणि पहाडी चित्रशैली यांच्या संस्कारातून त्याचे महाल, कमानी, पाण्याची कुंडे आणि भित्तिचित्रे साकारली आहेत. कथेतील दुवे छायाबाहुल्यांच्या पद्धतीने दाखविले जातात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथे ठाकर समाजाने जपलेल्या चामड्याच्या बाहुल्यांशी परिचय असलेल्या मराठी प्रेक्षकाला ही पद्धत परकी वाटणार नाही. दुसरी जमेची बाजू म्हणजे राजीच्या हालचाली. खांबाला गरका घेऊन शत्रूवर झेपावणे, भिंतीवर पळत जाऊन उलटा घाव घालणे, हे तिच्या सर्कशीतील पूर्वायुष्याशी सुसंगत आहे. म्हणजेच पात्राचा व्यवसाय हा येथे केवळ माहितीचा तपशील राहत नाही. तो खेळणाऱ्याच्या बोटांतून अनुभवास येतो. कादंबरी किंवा चित्रपट यांना असे साधणे शक्य नाही. गेमच्या समीक्षेने नेमके हेच शोधावयास हवे.

उणिवांचा विचार

‘राजी’च्या उणिवाही तितक्याच स्पष्ट आहेत. लढतींमध्ये पुनरावृत्ती होते आणि शस्त्रे बदलली तरी डावपेच फारसे बदलत नाहीत. भित्तिचित्रांजवळ पोहोचताच देवदेवता पौराणिक कथा समजावून सांगू लागतात, त्यामुळे जे खेळातून उलगडावे ते निवेदनातून कळते. राजीच्या मनातील भीती, भावाविषयीची ओढ, तिचा थकवा यांविषयी तिच्यापेक्षा देवच अधिक बोलतात. सर्वांत गंभीर दोष शेवटाचा आहे. कथा उत्कर्षबिंदूपाशी येऊन एकाएकी थांबते आणि ज्या शोधासाठी खेळणारा इतका वेळ झटला त्याची फलश्रुती त्याला मिळत नाही. २०२५ मध्ये ‘राजी : कलियुग’ हा पुढील भाग जाहीर झाला, तथापि पहिल्या कृतीचा अपुरेपणा त्यामुळे पूर्वलक्षी रीतीने भरून निघत नाही.

किंमत, कालावधी आणि पूर्णता

हा गेम साधारणतः पाच-सहा तासांत पूर्ण होतो. एवढ्यावरून तो ‘आखूड’ ठरविणे योग्य नव्हे. पैशाच्या मोबदल्यात किती तास, हा हिशेब गिऱ्हाइकाला करावाच लागतो. समीक्षकाने मात्र त्यापुढे जावयास हवे. टोरोंटो येथील विसाई गेम्सचा ‘वेंबा’ (२०२३) हा गेम जेमतेम दीड तासाचा आहे. कॅनडात स्थायिक झालेल्या तमिळ कुटुंबातील आई आपल्या आईच्या फाटक्या पाककृतींच्या वहीतील पुसलेले मजकूर आठवून स्वयंपाक करते, एवढाच त्याचा विषय. परंतु वहीतील त्रुटी भरून काढणे हाच खेळ आणि तुटणारी भाषा सांधणे हाच आशय, अशी त्यात एकरूपता आहे. २०२४ मध्ये बाफ्टाचा पदार्पणाचा पुरस्कार त्याला लाभला. ‘वेंबा’ लहान असूनही पूर्ण आहे, तर ‘राजी’ त्याहून मोठा असूनही अपूर्ण आहे.

चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्व भाग आणि गडचिरोली येथील झाडीपट्टी रंगभूमीचे उदाहरणही येथे उपयुक्त ठरते. ही नाटके रात्रभर चालतात आणि तिकीट काढून आलेला प्रेक्षक पहाटेपर्यंत बसून राहतो. तथापि तो केवळ लांबी मोजत नाही. गाणे रंगले की नाही, शेवट पटला की नाही, हे तो परखडपणे सांगतो. मंडळी गरीब आहे म्हणून तो फसलेल्या नाटकाला चांगले म्हणत नाही.

‘परवडणारा’ हा शब्दही जपून वापरावयास हवा. भद्रावती तालुक्यातील माजरी या कोळसा खाणींच्या गावी राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने गेमची किंमत हा खर्चाचा एक भाग झाला. त्याआधी कन्सोल किंवा तत्सम यंत्र हवे. २०२१ मध्ये भारतात आलेल्या प्लेस्टेशन ५ ची आरंभीची किंमत ४९,९९० रुपये होती. स्वस्त गेम आणि महाग यंत्र हे वास्तव लपवून केलेली शिफारस अर्धवट ठरते. भाषेचेही तसेच आहे. ‘राजी’ प्रथम इंग्रजी संवादांसह आला. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज मिळाला. मराठीबरोबर हिंदी आणि तेलुगूही कानी पडणाऱ्या खाणपट्ट्यात त्याचे महत्त्व निश्चितच आहे. महाराष्ट्रात घडलेल्या या कृतीत मराठी आवाज मात्र नाही. खेळणाऱ्याला देवांचे बोलणे समजणे हा येथे कथेत शिरण्याचा मार्ग असल्याने, भाषेचा अभाव हा समीक्षेचाही विषय ठरतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की स्वतंत्र गेमची समीक्षा तीन गोष्टी पाहून व्हावी : खेळण्याच्या कृतीतून आशय व्यक्त होतो काय, स्वीकारलेल्या आवाक्यात कृती पूर्ण होते काय, आणि ती ज्यांच्यासाठी आहे असे सांगितले जाते त्यांच्यापर्यंत ती किंमत व भाषा या दोन्ही दृष्टींनी पोहोचते काय. पहिल्या निकषावर ‘राजी’ बऱ्याच अंशी यशस्वी होतो. उरलेल्या दोहोंवर तो कमी पडतो. तो पुण्याचा आहे म्हणून हे दोष झाकणे म्हणजे निर्मात्यांना उमेदवार समजणे होय. लोकवर्गणी फसल्यावरही ज्यांनी काम तडीस नेले, त्यांना दयेपेक्षा गंभीर वाचनाची अधिक गरज आहे. किंमत कमी असली म्हणून समीक्षेचे मोल कमी करण्याचे कारण नाही.