१२७ दिवस, हजार कोडी : एका दाव्याची तपासणी

मायकेल डी ला माझा या अमेरिकन हौशी बुद्धिबळपटूचं 'रॅपिड चेस इम्प्रूव्हमेंट' हे पुस्तक २००२ साली आलं. पुस्तक जुनं झालं, पण त्यातला सल्ला अजून चालू आहे. 'रॅपिडमध्ये रेटिंग कसं वाढवू?' असं कुणी विचारलं, की 'तीच ती कोडी पुन्हा पुन्हा सोडव' हे उत्तर हमखास मिळतं. रिसर्चची तयारी करणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर वाचावं. त्यातून बुद्धिबळ किती सुधारेल ते माहीत नाही, पण एखादा दावा कसा तपासायचा याचा चांगला सराव होईल.

आधी पद्धत बघू. साधारण हजार टॅक्टिकल कोडी घ्यायची आणि तो अख्खा संच सात वेळा सोडवायचा. पहिली फेरी ६४ दिवसांची, मग ३२, १६, ८, ४, २ आणि शेवटची एका दिवसात. बेरीज १२७ दिवस. या काळात बाकीचा अभ्यास जवळजवळ बंद. लेखकाचं स्वतःचं रेटिंग दोनेक वर्षांत १३०० च्या आसपासवरून २००० च्या वर गेलं. २००१ च्या वर्ल्ड ओपनमध्ये २००० खालच्या गटात त्याला १०,००० डॉलरचं बक्षीसही मिळालं.

या पद्धतीची जमेची बाजू खरी आहे. १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी खेळाडूंना खऱ्या डावातली स्थिती फक्त ५ सेकंद दाखवली आणि आठवून पट मांडायला सांगितला. मास्टर इतरांपेक्षा खूप पुढे होता. मोहरे कसेही विखरून ठेवल्यावर मात्र त्याची आघाडी जवळजवळ संपली. म्हणजे मास्टरकडे असतो तो ओळखीच्या आकृत्यांचा साठा, आणि तो पुनरावृत्तीने वाढू शकतो. इथपर्यंत लेखकाशी भांडण नाही.

अडचण पुराव्यापासून सुरू होते. मुख्य पुरावा एकाच माणसाचा आहे, आणि तो माणूस म्हणजे पद्धतीचा जनक. त्याने त्या काळात भरपूर स्पर्धाही खेळल्या. मग सुधारणा कोड्यांमुळे झाली की खेळण्यामुळे? वेगळं काढायला काही मार्ग नाही. पुस्तकात पद्धतीचा फायदा झालेल्या इतर खेळाडूंचे अनुभव आहेत. पण ज्यांनी तिसऱ्या फेरीत कंटाळून सोडून दिलं, ते पत्र कशाला लिहितील? आपल्या भाषेत सांगायचं तर, सॅम्पलमध्ये फक्त पास झालेले आहेत.

दुसरा मुद्दा मोजमापाचा. सातव्या फेरीत हजार कोडी एका दिवसात सुटली, तर नेमकं काय सिद्ध झालं? ती हजार कोडी पाठ झाली, एवढंच. कौशल्य वाढलं का हे कळायला कधीही न पाहिलेला वेगळा संच हवा. सराव आणि परीक्षा एकाच डेटावर घेऊ नये, हे मशीन लर्निंगवाल्यांना पहिल्या आठवड्यात शिकवतात.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पुस्तकाच्या नावातलं 'रॅपिड' हे झटपट प्रगतीबद्दल आहे, रॅपिड डावांबद्दल नाही. रॅपिड डावात प्रत्येकाला १० मिनिटांहून जास्त पण ६० हून कमी वेळ असतो. जागतिक रॅपिड स्पर्धेत १५ मिनिटं आणि प्रत्येक चालीला १० सेकंद मिळतात. ४० चालींचा डाव धरा, चालीला सरासरी ३२ सेकंद आले. आता कोडं समोर आलं की 'इथे काहीतरी आहे' हे आधीच कळलेलं असतं. डावात हे कुणी सांगत नाही. कोणत्या चालीवर थांबून दोन मिनिटं घालवायची आणि कुठे पाच सेकंदांत पुढे जायचं, हा रॅपिडमधला खरा निर्णय आहे. हजार कोड्यांत त्याचा सराव एकदाही होत नाही.

तास मोजूनही फारसं हाती लागत नाही. गोबे आणि कॅम्पितेली यांनी २००७ साली अर्जेंटिनाच्या खेळाडूंवर केलेल्या अभ्यासात एक जण सुमारे ३,००० तासांत मास्टर झाला, तर दुसऱ्याला २३,००० हून जास्त तास लागले. २०१४ च्या मॅकनामारा आणि सहकाऱ्यांच्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये बुद्धिबळासारख्या खेळांतल्या कामगिरीच्या फरकापैकी सुमारे २६ टक्के फरक जाणीवपूर्वक केलेल्या सरावाने समजावता आला. हा वाटा मोठा आहे, पण तेवढ्यावर सगळं ठरत नाही.

मग नेमका सराव कसा असावा? माझ्या मते सुरुवात कोड्यांच्या पुस्तकापासून नको, स्वतःच्या हरलेल्या डावांपासून हवी. शेवटचे तीस घ्या. इंजिन लावण्याआधी प्रत्येकात डाव कुठे फिरला आणि तेव्हा घड्याळात किती वेळ होता, ते लिहा. मग वर्गवारी करा: आपली संधी दिसली नाही, समोरच्याची धमकी दिसली नाही, वेळ संपला, एंडगेम जमला नाही. सगळ्यात मोठ्या गटावर महिनाभर काम करा. धमक्या दिसत नसतील, तर काहीच टॅक्टिक नसलेल्या स्थितीही मिसळून सराव करा, म्हणजे 'इथे काही आहे का?' हा प्रश्न स्वतःला विचारावा लागेल. महिन्यानंतर नवे तीस डाव त्याच पद्धतीने मोजा. एवढ्याने शास्त्रीय निष्कर्ष निघणार नाही, पण तुमच्या वेळेचं काय होतंय ते तरी दिसेल.

नेट-सेट किंवा पेटची तयारी करणाऱ्यांना यात ओळखीचं काही दिसलं असेल. गेल्या दहा वर्षांचे पेपर सात वेळा सोडवले की मार्क वाढतात. ते मार्क त्याच पेपरांचे असतात. १२७ दिवस म्हणजे एका परीक्षेपासून पुढच्या परीक्षेपर्यंतचा बराचसा काळ. तो कुणाच्या यशोगाथेच्या भरवशावर खर्च करण्याआधी एक न पाहिलेला पेपर बाजूला काढून ठेवा. तो शेवटपर्यंत उघडू नका.