गाणं कुणाच्या बापाचं?

ब्लॅक सॅबथची 'लाइव्ह इव्हिल' ऐकली. १९८२ चे अमेरिकेतले कार्यक्रम. ऑझी ऑस्बॉर्नला १९७९ साली हाकललं, त्याच्या जागी रॉनी जेम्स डिओ आला. ऑझीवाले बोंबलतात, यानं गाणी बाटवली! अरे, 'वॉर पिग्ज'चे शब्द मुळात बहुतेक गीझर बटलरचे.

डिओचा गळा पहाडी. पण तो व्यासपीठावरून बजावतो. ऑझी मरणाऱ्यांच्या रांगेतून ओरडायचा. हा फरक मला सलतो. मिक्सिंगवेळी कुणाचा आवाज मोठा यावरून भांडण पेटलं, डिओ बाहेर पडला. भांडा खुशाल! मला शेवटपर्यंत ऐकू येतो तो गिटारवाला टोनी आयोमी. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात मशीननं त्याच्या दोन बोटांची टोकं खाल्ली. टोपणं चढवून वाजवतोय गडी. मित्रांनो, गाणं त्या बोटांचं आहे.