भुतं आपली, भाषा हिंदी

भयपटाची खरी परीक्षा आता घरात होते. चित्रगृहातला अंधार प्रेक्षकाला आधीच निम्मा घाबरवून ठेवतो. घरात ट्यूबलाइट चालू असते, कुकरच्या शिट्ट्या होत असतात आणि हवा तेव्हा चित्रपट थांबवता येतो. टीव्हीच्या स्पीकरला खर्जातला आवाज पेलत नाही, म्हणून मोठ्या आवाजाने दचकवण्याची जुनी युक्तीही लंगडी पडते. एवढ्यातूनही टिकणारी भीती कुठून येते, हे गेल्या काही वर्षांतले मराठी मातीतले भयपट ओटीटीवर पाहताना कळतं. त्याच वेळी एक दुखणंही लक्षात येतं.

सुरुवात अर्थातच राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'पासून. नारायण धारपांच्या कथांची प्रेरणा, श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'ची आठवण देणारं नाव, १९१८ ते १९४७चा काळ. कोकणातला न थांबणारा पाऊस, पडका वाडा, कणकेच्या बाहुल्या आणि हस्तर राक्षसाच्या लंगोटातली सोन्याची नाणी. इथे राक्षस थोडाच वेळ दिसतो, माणसाची हाव मात्र जवळजवळ प्रत्येक प्रसंगात. पंकज कुमार यांनी टिपलेला दिव्यांचा मिणमिणता उजेड मोबाइलवर पुष्कळसा वाया जातो. तरीही ऑक्टोबर २०१८ मध्ये बेताचा चाललेला हा चित्रपट लोकांनी घरी पाहिला, एकमेकांना सांगितला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला. चांगल्या भयपटाचा प्रेक्षक घरात सावकाश तयार होतो, याला आणखी पुरावा नको.

विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (२०१७) मला घरच्या पडद्यासाठी 'तुंबाड'पेक्षाही चोख वाटतो, कारण त्यातली भीती भर उन्हातली आहे. उंच वाढलेला ऊस, त्यातून सुटणाऱ्या सारख्याच दिसणाऱ्या वाटा, गरोदर नेहा आणि तिची काळजी घेणारी तुळसाबाई. उषा नाईक यांनी तुळसाबाईची माया आणि दहशत एकाच सुरात बोलून दाखवली आहे. स्त्रीभ्रूणहत्येचा विषय कथेच्या पोटात असल्यामुळे शेवटी कुणाला सुटकेचा निःश्वास टाकता येत नाही. याच दिग्दर्शकाने २०२१ मध्ये 'छोरी' या नावाने त्याचा हिंदी अवतार थेट ओटीटीवर आणला. निर्मिती सफाईदार झाली, पण ऊस तोच राहून गाव मात्र परकं झालं आणि उपदेशाचा आवाज चढला. फुरियांचाच मराठी 'बळी' त्याच वर्षी थेट ओटीटीवर आला. रुग्णालय, आजारी मुलगा, हतबल बाप असा ऐवज हाताशी असूनही तो शेवटच्या कलाटणीवर इतका विसंबतो, की दुसऱ्यांदा पाहण्याजोगं फारसं उरत नाही.

आदित्य सरपोतदार यांची वाट विनोदाची. 'झोंबिवली'त (२०२२) त्यांनी झोंबी थेट डोंबिवलीत उतरवले. टॉवर आणि वस्ती यांच्यातला पाण्याचा तंटा, हा त्यातला सर्वांत खरा भाग. 'मुंज्या' (२०२४) हे त्यांचं मोठं यश. मुंज झाल्यावर लगेच मेलेल्या, पिंपळावर राहणाऱ्या पोराची ही कल्पना मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. चित्रपट मजेदार आहे, पण संगणकावर घडवलेला मुंज्या इतक्या वेळा आणि इतक्या उजेडात दिसतो, की भीती संपून निव्वळ खोडकरपणा राहतो.

दुखणं इथेच आहे. 'तुंबाड', 'छोरी', 'मुंज्या' या तिघांचंही मूळ मराठी मातीत, पण मोठं बजेट मिळालं ते हिंदीत बोलल्यावर. मल्याळममध्ये असं होत नाही. राहुल सदाशिवन यांचा 'भूतकालम' (२०२२) पाहा. एक घर, नैराश्याने ग्रासलेली आई, बेकार मुलगा, आणि प्रश्न एवढाच की घर झपाटलेलं आहे की माणसं. तोही थेट ओटीटीवर आला आणि घरी बसूनच पाहावा असा आहे. त्याला भव्य सेट लागले नाहीत, लागली ती बांधेसूद पटकथा.

विज्ञानपटांची अवस्था तर याहून वाईट. जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे यांनी मराठी विज्ञानकथेला वाचक मिळवून दिला, पण पडद्यावर सांगण्यासारखं फार थोडं. सुजय डहाके यांचा 'फुंतरू' (२०१६) हा होलोग्रामवरचा प्रयत्न प्रेमकथेत विरघळला. पैसा नाही ही सबब पटत नाही. आरती कडव यांच्या 'कार्गो'मध्ये (२०२०) पुष्पक नावाच्या यानात एक राक्षस मृतांना पुनर्जन्मासाठी तयार करतो. बटणांचे जुनाट फलक आणि एकाकी कर्मचारी एवढ्यावर तो चित्रपट उभा राहतो. कल्पना पक्की असेल तर अंतराळ एका खोलीत मावतं.

म्हणून निर्मात्यांना सांगणं एवढंच, की धारप, रत्नाकर मतकरी, नारळीकर पुन्हा वाचा, हक्क रीतसर विकत घ्या आणि पैसा आधी पटकथा आणि ध्वनी यांवर लावा. प्रेक्षकांनीही 'लपाछपी' मुळातून, मराठीत पाहावा. गेल्या दहा वर्षांतला सर्वांत चांगला मराठी भयपट तोच आहे, आणि त्याच्या तोडीचा दुसरा अजून झालेला नाही.