पोवाड्यातील श्रोता : ‘जी’काराची मीमांसा

पोवाड्याचा विचार मराठीत प्रामुख्याने दोन अंगांनी झालेला दिसतो. इतिहासकारांनी त्याकडे साधन म्हणून पाहिले आणि त्यातील तपशिलांची विश्वसनीयता तपासली. वाङ्मयेतिहासकारांनी त्याची रचना, भाषा आणि वीररस यांची नोंद घेतली. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये संग्रह प्रसिद्ध केला, य. न. केळकर यांनी १९२८ पासून ऐतिहासिक पोवाड्यांचे खंड सिद्ध केले. या थोर उद्योगामुळे पोवाडा वाचनीय झाला. परंतु वाचनीय होताना त्याचा एक घटक जवळजवळ अदृश्य झाला. हा घटक म्हणजे श्रोत्याची दाद. मुद्रित पानावर ती ओळीच्या शेवटी ‘जी’ या एका अक्षरापुरती उरते, अनेकदा तीही गळते. पोवाड्याच्या आस्वादाचा प्रश्न मात्र नेमका या अक्षरापाशी सुरू होतो.

पोवाड्याचा मूळ संच लहान असतो. डफ शाहिराच्या हाती. तुणतुण्यावर एकाच तारेचा अखंड स्वर धरणारा दुसरा. झांज वाजवीत सूर उचलणारा तिसरा. साथीदारांची संख्या वाढली तरी ही तीन कामे बदलत नाहीत. शाहीर चौकातील प्रसंग द्रुतगतीने पुढे नेतो, एका टोकाशी येऊन थांबतो आणि झीलकरी ‘जी जी’ म्हणत तो सूर आपल्याकडे घेतात. शाहिराला श्वास मिळतो, डफाला नवा ठेका मिळतो, हे या थांब्याचे व्यावहारिक प्रयोजन. त्याचे दुसरे प्रयोजन अधिक महत्त्वाचे आहे. ‘जी’ हा होकार आहे. ऐकणाऱ्याने सांगणाऱ्याला द्यावयाचा हुंकार झीलकरी श्रोत्यांच्या वतीने देतो. तो मंचावर उभा असला तरी त्याची भूमिका श्रोत्याची असते. म्हणजे पोवाड्यात दाद प्रयोगानंतर येत नाही. प्रयोगाच्या अंगातच तिची जागा राखलेली असते.

तीनच वादकांच्या दुसऱ्या एका परंपरेशी तुलना केली असता हे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते. पियानो, बास आणि ड्रम यांच्या जाझ त्रयीतही वादक एकमेकांना उत्तरे देतात. बिल इव्हान्स, स्कॉट लाफारो आणि पॉल मोशियन यांनी २५ जून १९६१ रोजी न्यू यॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’मध्ये केलेल्या वादनाचे ध्वनिमुद्रण जगभर नावाजले गेले. त्यात पेल्यांची किणकिण, श्रोत्यांची कुजबुज आणि टाळ्याही ऐकू येतात. अवघ्या अकरा दिवसांनी लाफारोचा अपघाती मृत्यू झाल्यामुळे त्या ध्वनिमुद्रणाला अंतिमतेचे मोल आले. परंतु तेथील श्रोता कितीही तल्लीन असला तरी रचनेच्या कडेला बसलेला आहे. त्याची टाळी वगळली तर मैफलीचे वातावरण हरवेल, संगीताची वाक्यरचना मोडणार नाही. पोवाड्यातून ‘जी’ काढला तर वाक्यच अर्धे राहते.

या प्रश्नाची तपासणी करण्यास महाड-पोलादपूरचा प्रदेश विशेष उपयुक्त आहे, कारण एकाच भूमीवर येथे तीन प्रकारचे श्रोते भेटतात. पोलादपुरात कवींद्र परमानंदाची समाधी आहे. तेथूनच आंबेनळी घाट चढून प्रतापगडाकडे जाता येते. १० नोव्हेंबर १६५९ रोजी गडाच्या पायथ्याशी घडलेला अफजलखानवध परमानंदाने ‘शिवभारता’त संस्कृतात वर्णिला आणि अज्ञानदासाने पोवाड्यात गायिला. ‘शिवभारता’तही श्रोता संहितेत आहे: काशीचे पंडित विचारतात आणि कवी सांगतो. हा श्रोता जाणकार आणि दूरस्थ आहे. तो पुढील वृत्तान्त मागतो, पण कथेतील कोणाचा आप्त नाही. अज्ञानदासाचा श्रोता मात्र घटनेच्या टप्प्यातच उभा आहे. पोवाड्याच्या शेवटी घोडा आणि सोन्याचा तोडा बक्षीस मिळाल्याचा उल्लेख येतो. दाद येथे वस्तुरूप होऊन पुन्हा काव्यात शिरते.

आप्तभावाचा प्रश्न तुळशीदासाच्या सिंहगडच्या पोवाड्यात टोकाला जातो. तानाजी मालुसऱ्याचे उमरठ पोलादपूर तालुक्यात आहे. त्याची समाधीही तेथेच आहे. पोवाड्यात जिजाबाई प्रतापगडावरून कोंढाणा पाहते, सोंगट्यांच्या डावात तो मागून घेते आणि रायबाच्या लग्नाच्या गडबडीत उमरठला बोलावणे येते. ही स्थळे पुण्याच्या श्रोत्यासाठी कथेतील नावे आहेत. उमरठच्या श्रोत्यासाठी त्या रोजच्या वाटा आहेत, आणि मालुसरे हे त्याच्या शेजाऱ्याचे आडनाव असू शकते. त्याने दिलेली दाद काव्याला की कुळाला? शास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी उपस्थित केला आहे. अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांपैकी एक विघ्न नेमके हेच: भाव आपला किंवा परक्याचा म्हणून घट्ट धरला जाणे, विशिष्ट देशकालात मन गुंतून राहणे. या निकषाने उमरठचा श्रोता रसास्वादाला अपात्र ठरतो आणि काशीचा पंडित पात्र ठरतो.

हा निष्कर्ष घाईचा आहे, आणि तो शास्त्राच्याच आधारे दुरुस्त करता येतो. अभिनवगुप्ताने विघ्नांबरोबर त्यांचे निवारणही सांगितले आहे. देशकालाचा आवेश पूर्वरंगादी नाट्यधर्मी उपायांनी सुटतो आणि स्वतःच्या सुखदुःखात बुडालेल्या प्रेक्षकाला वाद्य, गान, मंडप यांच्या योगाने बाहेर काढले जाते. पोवाड्यात आरंभीचे नमन पूर्वरंगाचे काम करते. डफ आणि तुणतुणे श्रोत्याला घरच्या विवंचनेतून उठवतात. त्यानंतरचे काम झीलकऱ्याचे. उमरठच्या माणसाच्या मनात उठलेला ‘माझा तानाजी’ हा उद्गार झीलकरी ठरावीक सुरात, ठरावीक जागी आणि सर्वांच्या वतीने उच्चारतो. त्यामुळे त्यातील ‘माझा’ नाहीसा होत नाही, तो ‘आमचा’ होतो. साधारणीकरण म्हणजे स्थळकाळ पुसून टाकणे अशी समजूत रूढ आहे. पोवाड्यातील साधारणीकरण स्थळाचे नाव कायम ठेवून ते अनेकांना वाटून देते. म्हणूनच उमरठ कधी न पाहिलेला श्रोताही त्या गावापाशी हळवा होतो.

तथापि या ‘जी’काराचे निव्वळ कौतुक करणे समीक्षेला परवडणारे नाही. होकाराची जागा आधीच राखलेली असल्याने नकाराला पोवाड्यात जागा उरत नाही. ‘जी’ हे दरबारातील आज्ञाधारकाचेही अक्षर आहे. बक्षीस देणारा बदलला की स्तुतीचा विषय बदलतो, झीलकऱ्याचा सूर तोच राहतो. हा धोका ओळखून रचनेचा रोख वळवण्याचे कार्य जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजीराजांवरील पवाड्यात केले. तो कुणबी, माळी, महार, मांग यांना समजावा अशा भाषेत लिहिल्याचे त्यांनी स्पष्ट केले. म्हणजे कवीने येथे आश्रयदात्याऐवजी श्रोता निवडला. राजा तोच, पण त्याच्या कथेला ‘जी’ म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न प्रथमच पोवाड्याच्या विषयाइतका महत्त्वाचा झाला.

महाडला या प्रश्नाचा पुढील टप्पा दिसतो. बोले ठरावानंतर नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले केले होते, तरी ते कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली परिषदेतील लोकांनी तळ्यावर जाऊन पाणी घेतले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. या लढ्याची कथा पुढे आंबेडकरी जलशांनी गावोगाव नेली. सत्यशोधक जलशांनी तमाशाच्या गणगौळणीत घडवलेले बदल भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी आणखी पुढे नेले. देवतेच्या स्तवनाची जागा मुक्तीच्या प्रतिज्ञेने घेतली आणि सवालजवाब अस्पृश्यतेच्या वादविवादाला जुंपले गेले. साथ तीच, झीलही तीच. झीलकऱ्याच्या होकाराचा अर्थ मात्र पालटला. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या धन्याच्या हुकमाला ‘जी’ म्हटले, तोच आता स्वतःच्या सहकाऱ्याच्या नकाराला होकार देत होता.

येथे अभिनवगुप्ताचे विघ्न वेगळ्याच प्रकाशात दिसते. जलशाला श्रोत्याचा देशकाल विसरायला लावायचा नव्हता. तळ्याचे पाणी त्याच्यासाठी विभाव नव्हते, ते उद्या प्यायचे पाणी होते. दाद मंडपात संपली तर जलसा फसला, असा त्याचा निकष होता. बाबासाहेबांनी एका जलशाला आपल्या अनेक सभांच्या तोलाचे मानल्याची आठवण सांगितली जाते. तिच्यातील गौरव कलेचा आहे, तसाच श्रोत्याच्या बदललेल्या पात्रतेचाही आहे. शास्त्राने सहृदयाची व्याख्या करताना काव्यानुशीलनाने निर्मळ झालेल्या मनाचा विचार केला. ज्याला विद्येपासूनच दूर ठेवले होते, त्याचे मन या व्याख्येत कोठे बसते, हे विचारले गेले नाही. जलशाने तो प्रश्न उच्चारला नाही. त्याने श्रोत्यांना थेट झीलकऱ्याच्या जागी उभे केले.

काशीचा पंडित पुढे काय झाले ते विचारतो, उमरठचा गावकरी होकार देतो आणि महाडचा सत्याग्रही होकार देऊन निघून जातो तो तळ्याकडे. या तिघांची दाद एकाच मापाने मोजता येत नाही. पहिल्याला रसिक म्हणून वरचे स्थान, दुसऱ्याला भाविक म्हणून दुय्यम आणि तिसऱ्याला प्रचाराचा धनी म्हणून साहित्याबाहेरचे, ही मराठी समीक्षेची सवयीची उतरंड संहितेच्या परीक्षणातून आलेली नाही. संहिता मूकपणे वाचण्याची सवय ज्यांना आहे, त्यांच्या आस्वादालाच प्रमाण मानल्यामुळे ती आली आहे. पोवाड्याच्या यापुढील संपादनांत ‘जी’ गाळला जाऊ नये, ही मागणी म्हणूनच केवळ पाठचिकित्सेची नाही. ते अक्षर ज्यांच्या तोंडचे आहे, त्यांना काव्याच्या व्यवहारात पुन्हा मोजले जाणे तिच्यावर अवलंबून आहे.