एक्सएसएलटीमधील स्वरचित गणिती फंक्शन्स : एक चिकित्सा

प्रस्तुत लेखात एक्सएसएलटी या एक्सएमएल-रूपांतरण भाषेमध्ये स्वतःची गणिती फंक्शन्स लिहिण्याच्या प्रथेची चिकित्सा करावयाची आहे. या विषयावरील बरेचसे विवेचन 'फंक्शन कसे लिहावे' या प्रश्नापाशी थांबते. लिहिलेले फंक्शन बरोबर उत्तर देते हे कशावरून, हा प्रश्न मागे राहतो. शुल्काची पावती वा गुणपत्रक याच वाटेने छापले जात असेल, तर तो प्रश्न केवळ संगणकशास्त्राच्या विभागापुरता राहत नाही.

एक्सएसएलटी १.० आणि तिला आधारभूत असलेली एक्सपाथ १.० ही दोन्ही प्रमाणके डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १६ नोव्हेंबर १९९९ रोजी जाहीर केली. त्यांत संख्यांसाठी पाचच फंक्शन्स होती : मजकुराचे संख्येत रूपांतर करणारे, बेरीज करणारे, खालचा पूर्णांक देणारे, वरचा पूर्णांक देणारे आणि जवळचा पूर्णांक देणारे. वर्गमूळ नाही, घात नाही, निरपेक्ष मूल्यदेखील नाही. दस्तऐवजाची मांडणी बदलण्यासाठी घडविलेल्या भाषेकडून त्रिकोणमितीची अपेक्षा कशाला, असा बचाव येथे केला जातो व तो काही अंशी रास्तही आहे. परंतु एक्सएमएलमध्ये निबंधांइतकीच बिलेही साठविली जाऊ लागली, आणि बिल म्हटले की दर गुणिले नग आलेच. बेरजेचे अंगभूत फंक्शन केवळ दस्तऐवजातील घटकांची बेरीज करीत असे. गुणाकारांची बेरीज त्याला करता येत नसे. म्हणजे किराणा दुकानातील सर्वांत साधी आकडेमोडही भाषेच्या आवाक्याबाहेर राहिली होती. हा दोष गणिताच्या अभावाचा नसून प्रत्यक्ष वापराच्या चुकलेल्या अंदाजाचा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

त्यावर उपाय म्हणून नामांकित टेम्प्लेट व पुनरावर्तन यांचा आश्रय घ्यावा लागे. या भाषेत एकदा किंमत दिलेला चल पुन्हा बदलता येत नाही. म्हणून लूपमध्ये बेरीज साठवीत जाण्याची सवय येथे उपयोगी पडत नाही. टेम्प्लेट स्वतःलाच हाक मारते आणि आतापर्यंतची बेरीज पुढच्या हाकेच्या हाती देते. ही रीत तत्त्वतः निर्दोष आहे. व्यवहारात मात्र प्रत्येक नोंदीगणिक पुनरावर्तनाची एक पायरी वाढते. लिबएक्सएसएलटी या प्रचलित प्रक्रियकाची मूळ मर्यादा ३००० पायऱ्यांची असल्याने पाच हजार नोंदींच्या यादीवर तेच टेम्प्लेट कोसळते. यादीचे दोन भाग करून प्रत्येकाची वेगळी बेरीज घेतली, तर ४०९६ नोंदींना सुमारे बारा पायऱ्या पुरतात. दहा नोंदींच्या नमुन्यावर दोन्ही पद्धती सारख्याच यशस्वी ठरतात, हीच खरी अडचण आहे.

वर्गमूळाच्या उदाहरणात ही अडचण अधिक स्पष्ट होते. न्यूटनच्या पद्धतीने २ चे वर्गमूळ काढताना १ पासून आरंभ केल्यास क्रमाने १.५, १.४१६६६७, १.४१४२१६ या किमती मिळतात. चौथ्या फेरीत सहा दशांशस्थळे बरोबर येतात. पद्धत उत्तम आहे, परंतु थांबावे कधी? दोन लागोपाठच्या किमती तंतोतंत समान होईपर्यंत थांबायचे नाही असे ठरविले, तर मर्यादित अचूकतेच्या अंकगणितात क्वचित शेजारच्या दोन किमतींमध्ये हेलकावे बसत राहतात व पुनरावर्तन संपतच नाही. म्हणून उत्तराचा वर्ग आणि मूळ संख्या यांतील फरक ०.००००१ पेक्षा कमी झाला की थांबावे, असा संकेत सोयीचा वाटतो. आता संख्या ०.०००००००००१ घ्या. तिचे वर्गमूळ ०.००००१ आहे, १ पासून निघालेले हे फंक्शन मात्र ०.००१९५ च्या सुमारास समाधानाने थांबते. चूक थोडीथोडकी नाही, सुमारे १९५ पट आहे. आणि ती कोणताही त्रुटी-संदेश न देता होते! सहिष्णुता ही संख्येच्या आकाराच्या प्रमाणात असावी लागते, हे संख्यात्मक विश्लेषणाच्या पहिल्या धड्यातले तत्त्व येथे विसरले जाते.

यातून सुटका म्हणून काहींनी जावा वा जावास्क्रिप्टमधील फंक्शन्स बाहेरून जोडली. काम भागले, पण स्टाइलशीट त्या एका प्रक्रियकाची बांधील झाली. ईएक्सएसएलटी या सामूहिक उपक्रमाने सामाईक नावे ठरवून ही फारकत कमी केली. दिमित्रे नोवाचेव्ह यांच्या एफएक्सएसएल संग्रहाने तर फंक्शनलाच दुसऱ्या फंक्शनचे प्राचल करता येते हे १.० च्या चौकटीत सिद्ध केले. बौद्धिकदृष्ट्या ती कामगिरी थक्क करणारी आहे, मात्र सामान्य वापरकर्त्यास ती वाचणे जड जाते हेही नोंदवले पाहिजे.

मायकेल के यांच्या संपादनाखालील एक्सएसएलटी २.० हे प्रमाणक २३ जानेवारी २००७ रोजी आले आणि लेखकाला स्वतःचे फंक्शन रीतसर घोषित करण्याची सोय मिळाली. या सोयीचे कौतुक सहसा सुटसुटीतपणासाठी होते. प्रस्तुत लेखकाच्या मते तिचे खरे मोल प्राचलाचा प्रकार सांगण्यात आहे. दोन दशांशस्थळांपर्यंत पूर्णांकन करणारे फंक्शन पाहा : शंभराने गुणावे, जवळचा पूर्णांक घ्यावा, शंभराने भागावे. स्कीमाविरहित दस्तऐवजातून १.००५ ही किंमत आली आणि प्राचलाचा प्रकार सांगितलेला नसला, तर ती द्विमान पद्धतीच्या दुहेरी अचूकतेच्या संख्येत बदलते, गुणाकार १००.४९९९९... येतो आणि उत्तर मिळते १. प्राचल 'डेसिमल' प्रकारचे आहे एवढे एकच विशेषण घोषणेत जोडले, की गुणाकार नेमका १००.५ होतो व उत्तर येते १.०१. सूत्रातील एकही अक्षर बदललेले नाही. श्रेणीच्या सीमारेषेवरील विद्यार्थ्याच्या बाबतीत या विशेषणाला किती अर्थ आहे, हे परीक्षा विभागात काम केलेल्या प्राध्यापकांस सांगावयास नको. तरीही प्रकार लिहिणे ऐच्छिक ठेवले गेले. जुन्या लेखनाशी जुळवून घेण्यासाठी ते आवश्यक असेलही, पण आकडेमोडीच्या फंक्शनपुरता हा ऐच्छिकपणा घातक आहे.

वर्गमूळ, घात, लॉगॅरिदम आणि त्रिकोणमितीय फंक्शन्स २०१४ च्या एक्सपाथ ३.० मध्ये अखेर अंगभूत झाली, व २०१७ मध्ये एक्सएसएलटी ३.० चे प्रमाणक जाहीर झाले. त्यामुळे हाताने लिहिलेल्या न्यूटनच्या फंक्शनला आता अध्यापनापलीकडे फारसे प्रयोजन नाही. अर्थात वेब ब्राउझर १.० च्या पुढे कधी सरकलेच नाहीत, आणि क्रोमच्या निर्मात्यांनी तर २०२५ मध्ये तो आधारही काढून घेण्याचा मनोदय जाहीर केला.

आपल्याकडील गरज थोडी निराळी आहे. देवनागरी अंकांची तरतूद १.० मध्येही होती; शून्याचे चिन्ह म्हणून '०' घोषित केले की पुरे. परंतु लाख-कोटींचे स्वल्पविराम तीत बसत नसत, कारण संख्या-मांडणीचे नियम जावाच्या तत्कालीन वर्गावरून घेतलेले होते आणि तेथे केवळ शेवटच्या गटाची लांबी ग्राह्य धरली जाई. म्हणून १२,३४,५६७ असे लिहिण्यासाठी स्वतःचे टेम्प्लेट रचावे लागे. २.० पासून नमुन्यातच विषम गट दाखविता येतात व ते टेम्प्लेट अनावश्यक ठरते. मात्र नमुन्यात जेवढी स्थाने दाखविली तेवढेच स्वल्पविराम पडतात, ही मर्यादा अर्थसंकल्पाच्या आकड्यांसाठी स्टाइलशीट लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवावी लागते.