ग्योतोकूतलं बांगड्याचं ताट

भाजलेल्या बांगड्याची परीक्षा त्याच्या कातडीवर होते. ती जागोजाग फुगलेली, कडेला करपलेली आणि काडी टेकवताच कुर्रकन फुटणारी हवी. तोक्योला लागून असलेल्या ग्योतोकूत, गल्लीतल्या साध्या जेवणघरातलं ‘साबा शिओयाकी’चं, म्हणजे मीठ लावून भाजलेल्या साबाचं ताट या परीक्षेला पहिल्या घासातच उतरतं. साबा हा आपल्या बांगड्याचा भाऊबंद, पण अंगानं मोठा आणि जास्त तेलकट. जपानी जेवणघरांत तो बराचसा नॉर्वेहून येतो. मासा, भात, मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं) सूप, लोणचं आणि वाटीभर भाजी, सगळं मिळून हजार येनच्या आसपास. आपले पाच-सहाशे रुपये. टीप द्यायची पद्धत नाही.

आम्ही राईचे. भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे निघालं की मुर्धा, राई, मोर्वा हा सगळा मिठागरांचा पट्टा. त्यामुळे मीठ किती पडलंय आणि कधी पडलंय, हे आमची जीभ सगळ्यात आधी बघते. आमच्याकडे बांगड्याला आगरी मसाला, लसूण, चिंच किंवा कोकम लागतंच. मीठ त्याच्या आड राहून काम करतं. इथे मात्र मीठ एकटंच, आणि आचारी त्याच्यावर पूर्ण भरवसा ठेवतो.

माशाचे उभे दोन भाग करून कातडीवर सुरीनं उथळ चीर देतात, मीठ भुरभुरतात आणि वीसेक मिनिटं तसाच ठेवतात. माशाच्या अंगावर पाण्याचे थेंब येतात आणि उग्र वास त्या पाण्याबरोबर निघून जातो. थेंब टिपून घ्यायचे आणि मग मासा आचेवर. चरबी वितळून कातडीखाली उकळते, म्हणून ती फुगते. तोंडात येतो तेव्हा मासा खारट लागत नाही, गोड लागतो. शेजारी किसून पिळलेल्या पांढऱ्या मुळ्याचा छोटा ढीग असतो, त्यावर सोया सॉसचे दोन थेंब. तेलकटपणा कापायचं जे काम आपलं कोकम करतं, तेच हा मुळा करतो, पण माशाच्या चवीला धक्का न लावता. मला या बाबतीत मुळा उजवा वाटतो.

ग्योतोकूत हे ताट खाताना मला विशेष आनंद होतो, कारण हे गावही मिठाचंच. जपानी सरदार तोकुगावा इएयासूनं एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, बस्तान बसवलं तेव्हा शहराच्या मिठाची सोय ग्योतोकूच्या मिठागरांनी केली. ते मीठ होड्यांनी आणता यावं म्हणून त्यानं ओनागी नावाचा कालवा काढला. पुढे मिठागरं गेली, १९६९ साली तोझाई लाइनची रेल्वे आली आणि आता तिथे इमारतीच इमारती. भाईंदरकराला हा बदल समजावून सांगावा लागत नाही.

जेवायचीही एक रीत आहे. भात डावीकडे, सूप उजवीकडे, मासा पलीकडे. माशाचा तुकडा, लगेच भात, मग सुपाचा घोट. आपण कालवण भातावर ओततो. तिथे भात कोराच राहतो आणि कालवायचं काम तोंडात होतं. तांदूळ आखूड, चिकट, चकाकता. बऱ्याच ठिकाणी भात पुन्हा फुकट वाढतात, तो जरूर घ्यावा. सूप मात्र स्वस्त जेवणघरांत अनेकदा कमी पडतं. कोंबू या समुद्री शेवाळाचा आणि सुकवलेल्या कात्सुओ माशाचा अर्क रोज ताजा काढायला वेळ लागतो, म्हणून तयार पूड वापरतात. मिसो घातल्यावर सूप उकळू द्यायचं नसतं. घाईच्या वेळी तेही होतं आणि त्याचा सुवास उडतो.

तरीही एवढ्या पैशांत मासा इतक्या नेमकेपणानं भाजून देणारं दुसरं ताट माझ्या माहितीत नाही. तोक्योला गेलात तर सुशीच्या रांगेत सगळ्या दुपारी घालवू नका. एक दुपार तोझाई लाइननं ग्योतोकूला जा आणि मिठातला साबा मागवा.